फोंड्यातील एक लहान गॅरेज आणि आमच्या जुन्या झेनचे स्टिअरिंग

आमची मारुती झेन 2002 सालची आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिचे स्टिअरिंग सैल लागत होते. बोरीच्या पुलावर गाडी सरळ राखण्यासाठी हात सतत हलता ठेवावा लागे आणि खड्ड्यातून जाताना डाव्या चाकापाशी टकटक होई. आधीच्या गॅरेजमध्ये गाडीखाली न वाकताच ‘रॅक गेला, पूर्ण बदला’ असे सांगण्यात आले (रॅक म्हणजे स्टिअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत नेणारी दातेरी दांडी). खर्च मोठा होता, म्हणून फोंडा बाजारामागच्या या गॅरेजमध्ये गाडी दाखवली.

येथील मेस्त्रींनी गाडी चाकांवरच उभी ठेवून मला स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवायला लावले आणि स्वतः खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवला. मग चाक जॅकवर उचलून त्यांनी ते दोन्ही बाजूंनी धरून आडवे हलवले, तेव्हा डाव्या टाय रॉड एंडमधला (स्टिअरिंगची दांडी चाकाशी जोडणाऱ्या सांध्यातला) प्ले, म्हणजे सैलपणा, मलाही हाताला जाणवला. रॅक एंडचा, म्हणजे रॅकच्या टोकाच्या सांध्याचा, रबरी बूट (आवरण) फाटलेला होता आणि आत ग्रीसऐवजी तांबडा चिखल साचला होता. तेच चाक वर-खाली हलवून लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट, म्हणजे गोल सांधाही, तपासला. तो घट्ट होता, म्हणून त्याला हात लावला नाही. ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण जुनी गाडी दिसली की सगळेच बदलून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो.

दोन्ही टाय रॉड एंड, डावा रॅक एंड आणि बूट एवढेच बदलले. जुना एंड काढताना किती आटे फिरले ते मोजून नवा तितकाच बसवला आणि नट सैल होऊ नये म्हणून लागणारी स्प्लिट पिनही नवीनच घातली. काढलेले भाग त्यांनी मला परत दिले. डाव्या टाय रॉड एंडच्या सांध्याची पिन नुसत्या बोटाने हवी तिकडे वळते, इतका तो झिजला होता. बिलात सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेली होती.

दोन उणिवा मात्र सांगायला हव्यात. सुटे भाग मडगावहून मागवावे लागल्यामुळे गाडी दोन दिवस तेथेच राहिली. शिवाय अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे, यंत्र त्यांच्याकडे नाही. टाय रॉड एंड बदलल्यावर आटे मोजले तरी टो (चाके पुढे किती आत वा बाहेर वळलेली आहेत ते) नेमका जुळत नाही आणि तसेच चालवत राहिल्यास टायर एका कडेने झिजतात, म्हणून अलाइनमेंट त्याच दिवशी दुसरीकडे करून घ्यावे लागते. त्यामुळे गाडी आणायला सकाळीच जावे.