पुण्याची कार्यशाळा की मिरकरवाड्यातला वर्ग?

आमची रत्नागिरीतली जनसंपर्काची कचेरी पाच माणसांची. प्रशिक्षणाचा पैसा एकाच गोष्टीला पुरतो: दोघांना पुण्याच्या कार्यशाळेला पाठवा, नाहीतर इथल्याच मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमारांना आणि आसपासच्या आंबा बागायतदारांना बातमी कशी द्यायची ते शिकवा.

पुण्याला माणूस तयार होतो, नाकारत नाही. संकटात निवेदन कोणी करायचं, कॅमेऱ्यासमोर किती बोलायचं, हे तिथे नीट घोटून घेतात. पण तयार झालेलं पोर वर्षभरात मुंबई गाठतं. दोनदा बघितलंय.

गावातल्या वर्गाला वेळ साधावी लागते. १ जूनला मासेमारीबंदी लागली, होड्या वर ओढल्या, की मच्छीमार सापडतात. बागायतदारांना हंगामात बोलावलंत तर रिकाम्या खुर्च्यांना शिकवा! मात्र इथे शिकवणाराच जास्त शिकतो. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठरावीक भागातल्याच आंब्याला ते नाव लावता येईल अशी सरकारी मोहोर; त्यावर आमच्या नवख्या मुलाने झकास पत्रक लिहिलं होतं. एका काकांनी ते चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, "अरे, पण मी माझ्या पेटीवर काय छापू? नोंदणी करू कशी?" तीन परिच्छेदांत त्याचं उत्तर नव्हतं. मुलाने तिथेच गुडघ्यावर वही ठेवून पत्रक नव्याने लिहिलं, नोंदणी पहिल्याच ओळीत.

प्रमाणपत्र गावात मिळत नाही, आणि मोठे ग्राहक तेच मागतात. तरी यंदा मी गावाच्या बाजूने आहे. पुण्याला पुढच्या वर्षी एकालाच पाठवू.