अ‍ॅडजॉइंट, आठ जीबी आणि गेलेली लाइट : सात महिने वापरल्यावर

परवा रात्री अडीचला लाइट गेली आणि नऊ तासांचं गणित पाण्यात गेलं. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली. त्या रागात लिहायला बसलोय. अ‍ॅडजॉइंट म्हणजे ग्रेडियंट (प्रत्येक आकडा किंचित हलवला तर निकाल किती बदलेल ते) सिम्युलेशन एकदा पुढे आणि एकदा मागे चालवून काढायची पद्धत. याहून जास्त सांगत बसत नाही, हात घातलेल्यांसाठीच हे आहे.

काम दाजींचं. तासगावजवळ त्यांचा बेदाण्याचा ड्रायर आहे. अवकाळीची चिन्हं दिसली की शेडमधला माल तिकडे हलतो. ४८ तास हीटर आणि पंखा किती ठेवायचा? दर अर्ध्या तासाला दोन आकडे, एकूण १९२. वीज कमी लागावी, हवा साठ अंशांवर जाऊ नये, माल नीट वाळावा.

आधी एकेक आकडा किंचित हलवून ग्रेडियंट काढायचो. एका ग्रेडियंटला १९३ सिम्युलेशन! अ‍ॅडजॉइंटला एकदा पुढे, एकदा मागे, बस्स. आकडे १९२ असोत की १९ हजार. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

मग मेमरी आडवी आली. समीकरणं नॉनलिनियर (सरळ प्रमाणात न चालणारी), त्यामुळे मागे येताना पुढे जातानाची प्रत्येक पायरी हाताशी लागते. सिम्युलेशनच्या एका पायरीला स्थितीचे एक लाख आकडे, पायरी दहा सेकंदांची, म्हणजे १७,२८० पायऱ्या. आकड्याला ८ बाइट धरा : १३.८ जीबी. माझ्याकडे आठ. लॅपटॉप सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका दुकानात नेला, तर म्हणे रॅम सोल्डर केलेली आहे, नवीनच घ्या. ह्याचेच हप्ते आत्ता कुठे फिटलेत!

वाचवलं ते ग्रीवांक आणि वाल्टर यांच्या २००० सालच्या रिव्हॉल्व्ह या अल्गोरिदमनं. मोजक्या पायऱ्या जपायच्या, मधल्या पुन्हा काढायच्या. ३० जागा दिल्या तर कुठलीही पायरी फार तर चारदा काढावी लागते, आणि जपायला २४ एमबी पुरतात. वेळ वाढतो, वाढू दे, रात्री लॅपटॉप कोण वापरतंय.

मध्ये दोन आठवडे एल-बीएफजीएस-बी (ग्रेडियंट बघून सगळ्यात चांगले आकडे शोधणारा अल्गोरिदम) हलेचना. अ‍ॅडजॉइंटला भरपूर शिव्या घातल्या. शेवटी टेलर चाचणी (ग्रेडियंट बरोबर आहे का ते तपासणारी) लावली : पाऊल अर्धं केलं की उरलेली चूक चौथाई व्हायला हवी, माझी निम्मीच होत होती. मागे येणाऱ्या फेरीत पंख्याच्या सीमा-अटीचं (कडेला काय होतं ते सांगणाऱ्या समीकरणाचं) चिन्ह मीच उलटं लिहिलेलं. शिव्या परत घेतो. ही चाचणी पहिल्याच दिवशी लावा.

पण लाइटीचा राग जात नाही. त्या जपलेल्या पायऱ्यांचं नाव चेकपॉइंट, आणि राहतात रॅममध्ये! लाइट गेली की तेही गेले. आकडे सुधारायच्या दर फेरीनंतर ते हीटर-पंख्याचे १९२ आकडे फाइलीत टाकले असते तर दीड केबी लागले असते. दीड केबी! ही अक्कल मला नऊ तास गेल्यावर आली. अर्धा तारा तरीही कापणार.

एप्रिलच्या रनचं उत्तर मात्र पटलं : शेवटी हीटर चालू, पंखा मंद. मण्याच्या आतला ओलावाच सावकाश बाहेर येत असेल तर वारा कितीही सोडून काय होणार? आलेख बघून दाजी म्हणाले, "एवढं आम्ही हात लावून सांगतोय की." तरी पंखा कमी केला. बिल कमी आलं, पण त्या महिन्यात मालही कमी होता, त्यामुळे श्रेय कुणाचं यावर आमचं अजून वाजतंय.