राउंड रॉक की लॉकहार्ट? टेक्सासात घर घेताना बातम्यांचाही विचार करा

माझ्या भाच्याला ऑस्टिनमध्ये नोकरी लागली. आठवड्यातून दोन दिवस ऑफिस, बाकी घरून. नोकरी लागली की मराठी माणसाला पुढच्या पंधरा दिवसांत घर घ्यायचं असतं, तसं त्यालाही घ्यायचंय, आणि गाडी दोन नावांवर अडकली आहे: ऑस्टिनच्या उत्तरेचं राउंड रॉक आणि दक्षिणेचं लॉकहार्ट. मी राउंड रॉकला सहा वर्षं काढली, लॉकहार्टला आता चौथं चालू आहे. म्हणून त्याने मला एक्सेल शीट पाठवली. "मावशी, तू फक्त आकडे भर." किंमत, टॅक्स, शाळा, अंतर असे बारा रकाने होते. मी सगळे भरले आणि मग लक्षात आलं की मुख्य रकानाच नाही: तुमच्याबद्दल गावाला किती माहिती असलेली तुम्हाला चालेल?

आकडे आधी उरकून टाकते. २०२० च्या जनगणनेत राउंड रॉकची वस्ती १,१९,००० च्या वर होती, लॉकहार्टची १४,०००च्या आसपास. तेवढ्याच पैशांत लॉकहार्टला अंगण मोठं मिळतं, राउंड रॉकला शाळांचे पर्याय जास्त मिळतात. राज्याचा इन्कम टॅक्स दोन्हीकडे नाही, कारण तो टेक्सासातच नाही. त्या आनंदात पहिलं वर्ष जातं आणि मग प्रॉपर्टी टॅक्सचं पत्र येतं. विमानतळ दोन्हीकडून जवळपास सारखाच लांब. मोठं हॉस्पिटल राउंड रॉकला गावातच आहे, लॉकहार्टहून त्यासाठी काइल, सॅन मार्कस किंवा ऑस्टिन गाठावं लागतं. घरात वयस्कर माणसं राहायला येणार असतील तर हे एकच वाक्य दोनदा वाचा.

दोन्ही गावांना जोडणारा १३० नंबरचा टोल रस्ता आहे. लॉकहार्टच्या बाजूला त्यावर ताशी ८५ मैल वेगमर्यादा आहे, अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात जास्त. हा भाग २०१२ साली खुला झाला तेव्हा सुरुवातीलाच गाड्यांवर रानडुकरं येऊन आदळल्याच्या बातम्या आल्या होत्या. माझा नवरा अजूनही तिथे ७० च्या वर जात नाही. मागचे पिकअपवाले त्याला काय म्हणतात ते काचा बंद असल्यामुळे कळत नाही.

आता रकान्यात न मावणारं.

राउंड रॉकला आमच्या उजव्या बाजूच्या शेजाऱ्यांचं नाव मला सहा वर्षांत कळलं नाही. भांडण नव्हतं, फक्त ओळख व्हायला वेळ मिळाला नाही. गॅरेजचं दार वर, गाडी आत, दार खाली. बस्स. फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्फाचं वादळ आलं, राज्यभर वीज गेली, तेव्हा मात्र सगळी गल्ली बाहेर आली. कोणी गॅसची शेगडी आणली, मी तिच्यावर मोठ्या पातेल्यात चहा केला, आलं ठेचून. एक जण तीन कप प्यायला आणि म्हणाला, मी इथे नऊ वर्षं राहतोय. मला वाटलं, आता जमलं आपलं. वीज आली, गॅरेजची दारं खाली गेली. चहाची आठवण कोणी काढली नाही.

लॉकहार्टला आल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी गाडी रिव्हर्स घेताना शेजारच्या आजोबांची पत्रपेटी पाडली. दहाच मिनिटांनी एच-ई-बी या किराणा दुकानात दूध घ्यायला गेले. काउंटरवरच्या बाईंनी दूध स्कॅन केलं आणि विचारलं, "हनी, आरसा फुटला की नुसता वाकला?" मी बाईंना आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. दुपारी आजोबा स्वतः आले. मला वाटलं, आता पैसे मागणार. पण ते नवीन खांब आणि सिमेंटची पिशवी घेऊन आले होते, आणि माझ्या नवऱ्याने खड्डा खणावा एवढीच त्यांची अपेक्षा होती. नवऱ्याने खणला. तो तिरका खणला हेही संध्याकाळपर्यंत गावाला माहीत होतं.

म्हणजे बघा, सेलिब्रिटीच्या बातम्या दोन्हीकडे असतात. राउंड रॉकमध्ये सेलिब्रिटी दुसरं कोणीतरी असतं, लॉकहार्टमध्ये पाळी पाळीने सगळेच.

राउंड रॉकचा सगळ्यात जुना सेलिब्रिटी म्हणजे सॅम बॅस, धंद्याने आगगाडी लुटणारा. जुलै १८७८ मध्ये तो इथली बँक लुटायला आला, चकमकीत गोळ्या लागल्या आणि सत्ताविसाव्या वाढदिवशी मेला. गावाने त्याच्या नावाने रस्ता केला. मी सहा वर्षं त्या रस्त्यावरून भाजी आणायला जायचे. नंतरचे सेलिब्रिटी सभ्य आहेत: डेल कंपनीचं मुख्यालय आहे, आणि बेसबॉलच्या संघाचं नावच पिचर नोलन रायनच्या टोपणनावावरून 'एक्सप्रेस' ठेवलंय. शिवाय ऑस्टिन जवळ असल्याने हॉलिवूडचा नट मॅथ्यू मॅकॉनहे कोणाला तरी कुठेतरी दिसलेला असतोच. तो मूळचा युव्हाल्डीचा, म्हणजे लहान गावातलाच. २०२१ मध्ये तो गव्हर्नर व्हायला उभा राहणार का यावर आमच्या ऑफिसात महिनोन्महिने चर्चा चालली, शेवटी नोव्हेंबरात त्याने नाही म्हणून सांगितलं. मला स्वतःला तो एकदाही दिसला नाही. ज्यांना दिसला त्यांचे फोटो कायम हललेले असतात.

पण राउंड रॉकच्या मराठी मंडळींचे खरे सेलिब्रिटी वेगळे. भारतातून नाटकाचा दौरा आला की कलाकारांची सोय घरोघरी होते. एकदा मालिकेतली एक नटी आमच्याकडे दोन दिवस राहिली. तिने पोह्यांवर खोबरं जास्त मागितलं ही बातमी शेजारच्या सीडर पार्क गावापर्यंत पोहोचली. तुम्हाला हे हवं असेल, गणपतीच्या आरतीला झांजा वाजवणारे वीस हात, मुलांची रविवारची मराठी शाळा, दहा मिनिटांवर कढीपत्ता आणि मेथीची जुडी, तर एक्सेल शीट बंद करा आणि राउंड रॉकला घर घ्या. यात लॉकहार्टची बरोबरीच नाही. इथे मेथी आणायला जाऊन-येऊन दीड तास मोडतो आणि आरतीला आम्ही चौघं. घंटा धाकटा वाजवतो, लय सोडून.

लॉकहार्टमध्ये मोठ्या सेलिब्रिटींच्या बातम्या येतात तेव्हा त्या आधी नात्यागोत्यात बसवल्या जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये गायिका टेलर स्विफ्ट आणि अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू ट्रॅव्हिस केल्सी यांच्या साखरपुड्याची बातमी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोर्टहाउसच्या चौकात नाश्त्याला बसले होते. शेजारच्या टेबलावर चार बायका. अंगठीचा विषय दोन मिनिटांत संपला. मग मुद्दा आला की केल्सीला चेंडू कोण फेकतं? पॅट्रिक महोम्स. तो कुठला? टेक्सासातल्याच टायलरजवळच्या व्हाइटहाउस गावचा. व्हाइटहाउसला यांच्यापैकी एकीच्या भावजयीचं माहेर. म्हणजे साखरपुडा जवळजवळ घरातलाच झाला. आहेर काय करायचा एवढंच ठरवायचं राहिलं.

गायिका बियॉन्सेला फेब्रुवारी २०२५ मध्ये कंट्री, म्हणजे अमेरिकन गावाकडच्या संगीताच्या अल्बमसाठी वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, तेव्हा याच टेबलावर फूट पडली. दोघींचं म्हणणं, ती ह्यूस्टनची, म्हणजे टेक्सासची, म्हणजे कंट्रीच. दोघींचं म्हणणं, ह्यूस्टन हे कंट्री नव्हे, ते ट्रॅफिक आहे. मला मत विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे असाच वाद पुणं आणि नागपूर यांच्यात खऱ्या मराठीवरून चालतो. ते त्यांना समजावून सांगण्यात माझी ऑम्लेट गार झाली.

आणि कंट्री गायक जॉर्ज स्ट्रेट. त्याचं नाव घेतलं की इथे पुरुषमंडळी टोपी नीट करतात. जून २०२४ मध्ये त्याने कॉलेज स्टेशनच्या स्टेडियममध्ये १,१०,९०५ लोकांसमोर कार्यक्रम केला. अमेरिकेत तिकीट लावून झालेल्या एकट्या कलाकाराच्या मैफलीचा तो तेव्हाचा विक्रम होता. पण लॉकहार्टला त्या आकड्याचं कौतुक नाही. तो शिकला आमच्या शेजारच्या सॅन मार्कसला, आणि १९७५ मध्ये तिथल्याच एका छोट्या गुत्त्यात त्याच्या बँडने गायला सुरुवात केली. त्यामुळे गावात सत्तरीच्या पुढचा जो भेटतो तो त्या काळी समोर बसलेला असतो. त्या गुत्त्यात एवढी माणसं खरोखर मावली असती तर पुढे स्टेडियम घ्यायची गरजच पडली नसती.

मात्र ज्या बातमीने मी या गावाच्या प्रेमात पडले ती भाऊबंदकीची आहे. लॉकहार्ट ही टेक्सासची बार्बेक्यू राजधानी, तसा विधिमंडळाचा ठरावच आहे. १९०० साली सुरू झालेलं क्रॉइट्स मार्केट हे इथलं जुनं ठिकाण. वर्षानुवर्षं तिथे ना सॉस मिळायचा ना काटा. जाड कागदावर मांस, हाताने खा. (हाताने खायच्या बाबतीत आम्ही पहिल्याच दिवशी गावकऱ्यांच्या पुढे होतो.) तर मालकांच्या पश्चात धंदा मुलाकडे राहिला आणि इमारत मुलीकडे गेली. भाड्यावरून बिनसलं. १९९९ मध्ये भावाने थोड्या अंतरावर नवी इमारत बांधली आणि जुन्या भट्टीतले पेटते निखारे टबात भरून रस्त्यावरून ओढत तिकडे नेले. बहिणीने जुन्याच जागेत वडिलांच्या टोपणनावाने स्मिटीज उघडलं. दोन्ही ठिकाणं चालू आहेत, दोन्हीकडे रांग असते. कोकणात वडिलोपार्जित घराच्या वाटणीत कोणी देव उचलून नेतं, कोणी विहीर धरून बसतं. इथे विस्तव वाटून घेतला. मला पहिल्यांदाच टेक्सास ओळखीचं वाटलं.

आम्ही बीफ खात नाही. कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा न पिण्यासारखंच ते. इथे लोक याला आजार समजतात. ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस, नको म्हटलं की चेहऱ्यावर काळजी येते आणि टर्कीचा तुकडा जरा मोठा कापला जातो. घरात कडक शाकाहारी कोणी असेल तर लॉकहार्टमध्ये बाहेर जेवणं म्हणजे बटाटा, कोबी आणि दुसऱ्याचा धूर. राउंड रॉकमध्ये डोसा आहे, थाळी आहे, आणि १९२६ पासूनचे ते केशरी रंगाचे डोनट आहेत, जे मला आजही स्वप्नात दिसतात.

भाजीचं मात्र उलट. जुलैच्या उन्हात इथे दुसरं काही नाही तरी भेंडी तरारून येते, आणि ज्याच्याकडे येते त्याच्याकडे अति येते. सकाळी दार उघडावं तर पायरीवर पिशवी. कोणी ठेवली ते लिहिलेलं नसतं, पिशवीवरून ओळखायचं. ही मंडळी ती मक्याच्या पिठात घोळवून तळतात. मी दाण्याचं कूट घालून परतली आणि डबा परत पाठवला. आता भेंडीबरोबर रिकामा डबाही येतो.

शाळेचं थोडक्यात सांगते, कारण भाच्याची मुलगी अजून तीन वर्षांची आहे. शुक्रवारी रात्री फुटबॉल दोन्हीकडे आहे, पण राउंड रॉकला तो काही घरांचा विषय, लॉकहार्टला शाळेचा संघ 'लायन्स' हरला तर शनिवारी दुकानदार सुटे पैसेही मनाविरुद्ध देतात. होमकमिंगच्या, म्हणजे शाळेत माजी विद्यार्थ्यांचं स्वागत होतं त्या दिवशी मुली छातीवर 'मम' लावतात: शेवंतीचं भलंमोठं खोटं फूल, त्याला गुडघ्यापर्यंत रिबिनी, छोट्या घंटा, टेडी बेअर. राउंड रॉकला थोरलीसाठी तयार मम विकत आणायचा विचार होता. इथे समोरच्या बाईंनी मला तीन संध्याकाळी बसवून करायला शिकवलं. गोंदाच्या बंदुकीचा डाग अजून अंगठ्यावर आहे. थोरली सकाळी छुमछुम करत बसकडे निघाली तेव्हा मला थेट पोळ्याचा बैल आठवला. तसं म्हटल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. समोरच्या बाईंना कारण समजलं तेव्हा त्यांनी पोळ्याची सगळी माहिती विचारून घेतली, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या गायीच्या गळ्यात रिबिनी दिसल्या.

तेव्हा माझा कौल. नवीन देशात आला असाल, मुलं लहान, आई-वडील सहा महिने राहायला येणार, वाणसामानाशिवाय जीव कासावीस होतो, आणि एखाद्या दिवशी घरातलं भांडण घरातच राहावं असं वाटतं, तर राउंड रॉक. तिथे तुम्ही पत्रपेटीच काय, अख्खं कुंपण पाडलंत तरी सोसायटीच्या ईमेलखेरीज कोणी काही बोलणार नाही. उलट घरून काम आहे, एकटेपणा टोचतो, मुलांना कोंबड्या पाळायच्यात, आणि अनोळखी माणसाने आपल्या आरशाची चौकशी केली तर राग न येता हसू येतं, तर लॉकहार्ट. अधलं-मधलं काही हवं असेल तर आधी वर्षभर भाड्याने राहून बघा. भाच्यालाही मी हेच सांगितलं, तेही फोनवर, आणि मराठीत.

काल एच-ई-बीत कोथिंबीर घेत होते. काउंटरवरच्या त्याच बाई म्हणाल्या, "शनिवारी तुझा भाचा घर बघायला येतोय ना? कोपऱ्यावरचं निळं दाखवू नकोस, छप्पर गळतं. आणि तो तरी ब्रिस्केट खातो का गं?"