डिक्कीचा तळ आणि पन्नास किलोंचा सबवूफर: जळगावच्या एका वर्कशॉपचे काम

गाडीत बारा इंची दोन सबवूफरचा (खोल, जड आवाज देणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) बॉक्स बसवून देणारी दुकाने जळगावपासून धुळ्यापर्यंत भरपूर आहेत. तो बॉक्स ज्या तळावर ठेवायचा, त्या तळाचा विचार करणारे मात्र क्वचितच भेटतात. जळगाव एमआयडीसीतील एका छोट्या फॅब्रिकेशन वर्कशॉपने माझ्या सेदानसाठी हे काम इतक्या जाणतेपणाने केले, की त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

१८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या फळीची) आठ बाय चार फुटांची शीट साधारण ४० किलोंची असते आणि अशा बॉक्सला तिचा बराचसा भाग लागतो. त्यात जड मॅग्नेटचे दोन स्पीकर आले, की वजन पन्नाशीला टेकते. डिक्कीत जो सपाट तळ दिसतो, तो प्रत्यक्षात स्टेपनीच्या खड्ड्यावर टाकलेले पातळ झाकण असते. बॅगा आणि किराणा यांच्यासाठी ते पुरते. पण एकाच जागी कायम ठेवलेले ५० किलो, खड्ड्यात चाक आदळले की क्षणभर कितीतरी वाढणारा भार आणि खान्देशातला मे महिना, या तिन्हींपुढे ते मधोमध वाकते आणि बॉक्स कलतो. याआधी एका ऑडिओच्या दुकानात मला झाकणावर आणखी एक प्लाय टाकून बॉक्स थेट पत्र्यात स्क्रूने आवळण्याचा सल्ला मिळाला होता. त्या स्क्रूचे टोक खाली कुठे निघेल, हे तिथे कोणीही वाकून पाहिले नव्हते.

या वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी मात्र आधी गाडी रॅम्पवर घेतली आणि इंधनाची टाकी, ब्रेकचे पाइप व वायरिंग कुठून जाते ते पाहून, जिथे ड्रिल लावायचे नाही त्या जागा खडूने आखल्या. त्यानंतर एक इंची, १६ गेजच्या चौकोनी पाइपची फ्रेम त्यांनी गाडीबाहेरच वेल्ड केली, कारण डिक्कीत वेल्डिंग केल्यास ठिणग्यांनी गालिचा जळतो, पत्र्यावरचा गंजरोधक थर उडतो आणि बॅटरी जोडलेली राहिली तर इलेक्ट्रॉनिक भागांनाही धोका पोहोचतो. फ्रेमचे पाय खड्ड्याच्या पत्र्यावर न ठेवता दोन्ही बाजूंच्या मजबूत कडांवर, खाली रुंद प्लेट आणि रबर देऊन टेकवले आहेत. या कामाचा सगळा जीव त्यातच आहे. बोल्टसाठी पाडलेल्या प्रत्येक छिद्राची कड त्यांनी कानशीने साफ केली, तिला रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग लावला, तो वाळू दिला आणि मगच मोठा वॉशर चढवला.

मला सर्वांत आवडला तो स्टेपनीचा विचार. “पंक्चर झाल्यावर रात्री रस्त्यात बॉक्स उतरवत बसणार का, भाऊ?” असे विचारून त्यांनी मागचा आडवा पाइप दोन बोल्टवर निघणारा ठेवला आणि वरचा १२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय दोन तुकड्यांत केला. मागचा तुकडा उचलून पाइप काढला, की स्टेपनी तिरपी करून बाहेर ओढता येते, हे त्यांनी गाडी ताब्यात देण्यापूर्वी मला करून दाखवले. बॉक्स फ्रेमला आणि फ्रेम गाडीला बोल्टने पक्की केली आहे, त्यामुळे जोरात ब्रेक लागला तरी तो मागच्या सीटवर येऊन आदळत नाही. कन्नड घाटाच्या वळणांवरही तो जागचा हलला नाही आणि अहिराणी गाण्यांच्या ढोलकीबरोबर पूर्वी होणारी पत्र्याची खडखड आता ऐकू येत नाही.

फ्रेम आणि प्लाय मिळून सुमारे १३ किलो वाढतात. म्हणजे बॉक्सचे वजन धरून एक प्रौढ माणूस डिक्कीत कायम बसल्यासारखेच आहे, आणि पाच जण प्रवासाला निघाले तर सामान तेवढे कमी घ्यावे लागते. मागच्या टायरमध्ये दरवाजाजवळच्या स्टिकरवर दिलेली पूर्ण भाराची हवा भरावी आणि हेडलाइटचा झोत खाली घ्यावा, असे मिस्त्रींनी आपणहून सांगितले.

उणिवा दोन आहेत. काम कबूल केलेल्या मुदतीपेक्षा लांबले, आणि वर चिकटवलेला गालिचा कडांना लवकरच सुटू लागला. सामान व मजुरी ते वेगवेगळी लिहून देतात, त्यामुळे फ्रेम आणि प्लायचे काम त्यांच्याकडून करून घ्यावे आणि गालिच्याचे काम सीट कव्हर शिवणाऱ्याला द्यावे.