व्यापाराच्या पेपरसाठी दादरचा हा क्लास लावाच

एम. ए. इकॉनॉमिक्स बाहेरून करणाऱ्यांसाठी दादर पश्चिमेला, रानडे रोडजवळच्या एका गल्लीत संध्याकाळचा क्लास चालतो. मी बँकेत आहे, परळच्या ब्रँचमधून सुटले की सातच्या लेक्चरला आरामात पोचते. मॅक्रो बरं शिकवतात, स्टॅटिस्टिक्समध्ये गणितं आणखी करून घ्यायला हवीत. पण आंतरराष्ट्रीय व्यापार सर असा शिकवतात की फी तिथेच वसूल होते.

गाइडमध्ये हेक्शर-ओहलीन सिद्धांत दोन पानांत उरकलाय. ज्या देशात जो उत्पादन घटक मुबलक, तो घटक जास्त लागणारा माल तो देश निर्यात करतो. गृहीतकं पाठ करा, आकृती काढा, झालं. सरांनी आकृतीला हात लावण्याआधी सिद्धांतातल्या ओहलीन यांच्या आयुष्यातली सालं फळ्यावर लिहिली. १८९९, दक्षिण स्वीडनमधल्या क्लिपान गावी जन्म. १९२९, जर्मनीच्या युद्धखंडणीवरून थेट ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सशी वाद. १९३३, व्यापारावरचा ग्रंथ. आणि खाली ठळक अक्षरात १९४४ ते १९६७. एवढी वर्षं बर्टिल ओहलीन स्वीडनच्या उदारमतवादी पक्षाचे, फोल्कपार्टिएटचे नेते होते, आणि त्यातली बहुतेक वर्षं स्टॉकहोममध्ये प्राध्यापकीही चालू होती. युद्धाच्या शेवटी थोडा काळ व्यापारमंत्रीपद मिळालं, पंतप्रधानपद कधीच नाही. १९४८ च्या निवडणुकीत पक्षाच्या जागा २६ वरून ५७ वर गेल्या, तरी सरकार टागे एर्लांडर यांच्या सोशल डेमोक्रॅट्सचंच राहिलं.

उदारमतवादी म्हणजे सगळं बाजारावर सोडणारा, असं आमच्यापैकी बरेच जण धरून चालले होते. सरांनी १९३४ चा ओहलीन यांचा बेकारीवरचा अहवाल काढला. मंदीत सरकारने सार्वजनिक कामं काढावीत, असं त्यात ते मांडतात, केन्सच्या गाजलेल्या ग्रंथाच्या दोन वर्षं आधी. राष्ट्रीयीकरणाला विरोध आणि सामाजिक सुरक्षेला पाठिंबा, दोन्ही एकाच माणसाचं.

मग पेन्शनचा विषय निघाला आणि बँकवाले आम्ही सगळे सावरून बसलो. पूरक पेन्शन कायद्याने सक्तीची करावी, असं सोशल डेमोक्रॅट्सचं म्हणणं. ऐच्छिक ठेवावी, असं ओहलीन यांच्या पक्षाचं. १९५७ मध्ये सार्वमत झालं. १९५९ मध्ये संसदेच्या दुसऱ्या सभागृहात सक्तीची योजना ११५ विरुद्ध ११४ मतांनी मंजूर झाली, कारण ओहलीन यांच्याच पक्षाचे एक खासदार तटस्थ राहिले. इथे मी ओहलीन यांच्या बाजूची नाही. माझे बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. १९८२ च्या संपानंतर घरी बसलेल्या माणसाला ‘ऐच्छिक’चा काय उपयोग, हे मी लालबागमध्ये पाहिलंय.

बाबांना डोळ्यांसमोर ठेवूनच मी वर्गात या सिद्धांताबद्दल विचारलं. साच्यावर हात बसलेला माणूस उद्या दुसऱ्या धंद्यात कसा शिरणार? सरांनी प्रश्न टाळला नाही. खडू घेऊन गृहीतकांच्या यादीत ‘देशांतर्गत घटक पूर्ण गतिशील’ (म्हणजे कामगार, भांडवल एका धंद्यातून दुसऱ्यात सहज जातात) या ओळीखाली रेघ मारली आणि म्हणाले, ‘ताई, टीका इथून सुरू करा, परीक्षेतही हेच लिहा.’ पुढच्या लेक्चरला हा सिद्धांत आकडेवारीवर तपासणारा अर्थतज्ज्ञ लिओन्टिएफ घेतला. अमेरिकेत भांडवल मुबलक, तरी तिची निर्यात आयातीपेक्षा श्रमप्रधान निघाली, हा १९५३ चा निष्कर्ष. आधीची रेघ डोळ्यांसमोर होती, त्यामुळे तो लगेच डोक्यात शिरला.

ओहलीन यांचं १९७७ चं अर्थशास्त्राचं नोबेल (जेम्स मीड यांच्यासोबत), १९७९ मध्ये निधन आणि १९९१ मध्ये मुलगी अ‍ॅन विब्ले स्वीडनची पहिली महिला अर्थमंत्री, एवढं सरांनी शेवटी भराभर सांगितलं. मुलीबद्दल आणखी ऐकायला आवडलं असतं.

तक्रारी आहेत. झेरॉक्स नोट्स इतक्या फिकट की आकृत्यांचे अक्षच दिसत नाहीत. मागच्या बाकांपुढे खांब येतो. लेक्चर रद्द झाल्याचा मेसेज कधीकधी आपण दादरला उतरल्यावर येतो, कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्यांचे त्यात फार हाल होतात. ऑफिसने हे तरी सुधारावं.

फी हप्त्यांत भरता येते. प्रवेशाआधी एक लेक्चर फुकट बसू देतात, तेव्हा व्यापाराचंच मागा आणि खिडकीकडची बाजू धरा.