मोरोक्को ८ दिवस: ट्रिप भारी, फक्त मुक्काम चुकीच्या जागी

ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाऊन आलो, मी, आमचे हे आणि मोठ्या जाऊबाई. नाशिकचीच ट्रॅव्हल कंपनी, ऑफिस कॉलेज रोडला, नाव लिहीत नाही कारण तक्रारी पण आहेत आणि रोजचं जाणंयेणं त्याच रस्त्यावरून. माणशी पावणेदोन लाख, त्यात विमान, व्हिसा, हॉटेलं, नाश्ता आणि रात्रीचं जेवण. ग्रुप १८ जणांचा, निम्मे गंगापूर रोडचे आणि निम्मे सिडकोचे, त्यामुळे बसमध्ये खिडकीवरून जे व्हायचं ते पहिल्याच दिवशी होऊन गेलं.

मुंबईहून थेट विमान नव्हतं, दोह्यात बदलून कासाब्लांका. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, पहिले दोन दिवस पहाटे तीनलाच टक्क जाग येते. कासाब्लांकात हसन दुसरे यांची मशीद समुद्राला अगदी लागून आहे, मिनार २०० मीटरच्या वर, बांधून पूर्ण झाली १९९३ ला, आणि मुस्लिम नसलेल्यांनाही तिकीट काढून आत जाता येतं, जे तिथल्या बहुतेक मशिदींत चालत नाही. ती सोडली तर शहरात आम्हाला काही खास वाटलं नाही. तिथे रात्रभर कशाला थांबवलं ते कळलं नाही, ह्या मुक्कामाकडे मी परत येणार आहे.

फेस शहरात मात्र जीव रमला. जुन्या शहरात गाडी येतच नाही, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून लादलेलं गाढव आलं की भिंतीला चिकटायचं, आणि मागून हाळी येते "बालाक! बालाक!", म्हणजे आपलं साईड साईड. पहिल्या तासात जाऊबाई तीन वेळा दचकल्या, नंतर त्याच आम्हाला बालाक म्हणून ढकलायला लागल्या. सफारीन नावाचा एक छोटा चौक आहे, तिथे तांबट बसून हातोडीने भलेमोठे हंडे ठोकतात. डोळे मिटले असते तर नाशिकच्या तांबट लेनमध्येच उभी आहे असं वाटलं असतं, तोच ठेका, एकाने ठोकायचं आणि दुसऱ्याने मधल्या फटीत. फरक एवढाच की आपल्याकडे तो आवाज आता फार कमी झालाय. तिथून दोन पावलांवर करावियीन, परंपरा सांगते की ८५९ साली फातिमा अल फिहरी नावाच्या बाईने वारशाच्या पैशातून ही मशीद बांधली आणि तिच्यातूनच पुढे विद्यापीठ झालं. मुस्लिम नसलेल्यांना आत जाता येत नाही, दारातून डोकवायचं. गाईडने हे सगळं दोन मिनिटांत उरकलं आणि कशासाठी तर गालिचावाल्याच्या दुकानात दोन तास बसवायला. पुदिन्याचा चहा देतात, एकावर एक गालिचे उलगडतात, उठलं की चेहरे पडतात. चामडं कमावायचे हौद बघायला पण दुकानाच्या गच्चीवरूनच नेतात, पण ते चालतं, कारण ते हौद वरूनच दिसतात. वर चढताना हातात पुदिन्याची काडी देतात, का ते वर पोचल्यावर कळतं. पांढऱ्या हौदात चुना आणि कबुतराची विष्ठा असते, त्यात कातडी मऊ होतात, आणि माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून ती तुडवत असतात. पुदिना नाकाशी धरून फोटो काढताना मलाच लाज वाटली.

जेवणाचं सांगते कारण सगळे तेच विचारतात. बुकिंगच्या वेळी "प्युअर व्हेज, काळजीच नको" असं सांगितलेलं. व्हेज ताजीन मिळतं, म्हणजे टोपीसारख्या झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद आचेवर शिजवलेल्या भाज्या, पण बऱ्याच ठिकाणी त्यात मटणाचाच रस्सा असतो, आणि हरीरा सूपचंही तेच. आम्हाला हे तिसऱ्या दिवशी कळलं, तेही जाऊबाईंनी वास ओळखला म्हणून. टूर मॅनेजर बिचारा पोरगा, त्याला कोणी काही शिकवून पाठवलेलंच नाही. कडक शाकाहारी असाल तर दरवेळी रस्सा कशाचा ते विचारा. आणि बिसारा मागा, सुक्या बाकल्याच्या (घेवड्यासारख्या शेंगेच्या दाण्यांच्या) डाळीचं घट्ट सूप, वरून ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड, खाताना सरळ पातळ पिठल्याची आठवण येते. तिखट हवं असेल तर आपलं आपण न्यायचं. सकाळी मसेमेन, चौकोनी घडीची पोळी समजा, मधाबरोबर.

माराकेशला तीन रात्री. जेमा अल फना चौक संध्याकाळी बघायचा, धूर, ढोल, संत्र्याच्या रसाच्या गाड्या, लांबून कुतुबियाचा ७७ मीटरचा मिनार. सापवाल्याकडे मोबाईल वळवला की पैसे मागतात, आमच्या ह्यांनी वळवला. मजोरेल बागेची तिकिटं आधीच ऑनलाइन काढावी लागतात, कंपनीने काढली नव्हती, म्हणून आम्ही फाटकाबाहेरून बोगनवेल बघितली. कार्यक्रमपत्रिकेत मात्र त्या बागेचा फोटो पहिल्याच पानावर आहे!

आता खरी गोष्ट. सहाव्या दिवशी माराकेशहून दीड तासावर अॅटलस डोंगरात इमलील, उंची १७४० मीटर, वर तुबकाल शिखर ४१६७ मीटर. इमलीलहून तासभर चढून एका अमाझीग गावात नेलं. बर्बर हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव, ती माणसं स्वतःला अमाझीग म्हणतात, त्यांच्या भाषेला २०११ च्या राज्यघटनेत अधिकृत दर्जा मिळाला आणि पाट्यांवर ती वेगळी गोल-काड्यांची लिपी दिसते. अक्रोडाचा हंगाम चालू होता, पोरं लांब काठ्यांनी झाडं झोडपत होती आणि बायका खाली बसून हिरवी सालं काढत होत्या. ज्या घरी चहाला बसलो त्या आजींचे हात मनगटापर्यंत काळे, सालाचा डाग, आठवडे जात नाही म्हणे. त्यांनी साखरेच्या मोठ्या सुळक्यातून खडा फोडून किटलीत टाकला, पहिला ग्लास ओतला, तो परत किटलीत, पुन्हा ओतला, मग हात उंच नेऊन धार धरली, फेस आल्याशिवाय द्यायचाच नाही. मला एक शब्द येत होता, तानमिर्त, म्हणजे थँक्यू, तो मी इतक्यांदा म्हटला की त्या हसायला लागल्या.

घरामागून पाट वाहत होता. माझं माहेर बागलाणातलं, मोसम खोऱ्यातलं, फड पद्धतीचं पाणीवाटप बघत मोठी झाले, बंधारा, पाट, पाटकऱ्याने दिलेली पाळी. अमाझीग लोक पाटाला तार्गा म्हणतात. मी गाईडला विचारायला लावलं की पाणी कोण वाटतं, तर गावाने ठरवलेल्या पाळ्या, आणि पाळी मोडली तर भांडण. म्हटलं हेच आमच्याकडे! आजींनी मला हात धरून दगड-माती लावून पाट फिरवतात ते दाखवलं, आणि वाटेत एका घराची पडलेली भिंतही. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ६.८ चा भूकंप झाला, ह्याच डोंगरात, जवळजवळ तीन हजार माणसं गेली. एवढं बोलणं सुरू झालं आणि खालून टूर मॅनेजरची शिट्टी. चार तासांत चढणं, जेवण, उतरणं सगळं, कारण वाटेत अजून एक दुकान दाखवायचं होतं, तेलाचं.

शेवटी एक रात्र एसाविरा, अटलांटिकच्या काठी, १८ व्या शतकात सुलतानाने आखून बांधलेलं तटबंदीचं शहर. वारा इतका की टोपी पहिल्या पाच मिनिटांत गेली. तटावर तोफा, खाली निळ्या होड्या, गल्ल्यांत थुया नावाच्या झाडाच्या लाकडाचा वास. तिथल्या वाटेवर अर्गानच्या झाडावर बकऱ्या चढलेल्या दिसतात, त्या पर्यटकांसाठी चढवून ठेवलेल्या असतात, फोटोला पैसे. बकऱ्या खरंच चढतात, पण दुपारच्या उन्हात तासन्तास फांदीवर उभ्या केलेल्या बघवत नाहीत.

पैशांचं: युरो न्या, दिरहम तिथेच बदला, सुट्टी नाणी टॉयलेटसाठी जपून ठेवा.

पाचपैकी साडेतीन देते. बस चांगली, हॉटेलं स्वच्छ, वेळेत नेलं आणि आणलं. पण कासाब्लांकाची रात्र काढून ती डोंगरात द्या, आणि गालिचावाला गाळा. परत आल्यावर ऑफिसात जाऊन हेच सांगितलं, तर ते म्हणाले मॅडम, गावात मुक्काम दिला की लोक टॉयलेटची तक्रार करतात. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, आजींचं टॉयलेट तुमच्या कासाब्लांकाच्या हॉटेलापेक्षा चांगलं होतं, कडी तरी लागत होती."