व्हिडिओत फिरणारी मोटर आणि माझे 1,03,000 रुपये

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांची 1996 सालची कमांडर जीप इंजिन बिघडून बंद पडल्यापासून शेडमध्ये उभी होती. ती इलेक्ट्रिक करायची आणि त्या निमित्ताने भंगारात निघालेल्या इलेक्ट्रिक गाडीची मोटर पुन्हा कशी वापरतात ते शिकून घ्यायचं, असं गेल्या वर्षी मनात घेतलं. त्यात मी 1,03,000 रुपयांना फसलो. पैसे परत येतील ही आशा आता सोडली आहे. पण हे काम शिकायला धडपडणारी पोरं गावोगावी आहेत आणि बहुतेक जण माझ्यासारखेच एकटे आहेत, म्हणून सगळं लिहितोय.

कल्पना खुळी नव्हती, हे आधी सांगतो. नेक्सॉन ईव्ही जानेवारी 2020 मध्ये आली. तिची मोटर 95 किलोवॅटची, 245 न्यूटन-मीटरची. असली गाडी जोरात ठोकली गेली की बॅटरीच्या खर्चामुळे विमा कंपनी ती टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीला न परवडणारी धरू शकते, आणि मोटर मात्र चांगली असू शकते. बाहेर निसान लीफ, टोयोटा प्रियस यांच्या मोटरी आणि इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसीचा मोटरसाठी एसी करणारा डबा) काढून जुन्या गाड्यांत बसवणारे पुष्कळ आहेत. जर्मनीतले योहानेस ह्यूबनर, आयर्लंडमधले डेमियन मॅग्वायर यांनी त्यासाठी कंट्रोल बोर्ड तयार करून सगळ्यांसाठी खुले केले. ते बघूनच मला हुरूप आला होता.

विकणारा फोनवर भेटला. बोलणं गोड. "दादा, डोळे झाकून घ्या. मागून ठोकलेली गाडी, मोटर एकदम ओके." सोबत व्हिडिओ आला. निळ्या रंगाच्या टेबलावर मोटर, तीन जाड नारंगी केबली एका करड्या डब्यात गेलेल्या, आणि शाफ्ट गरागरा फिरतोय. मोटर, इन्व्हर्टर आणि गिअर रिडक्शन असा सेट 85,000 रुपये. दोन दिवसांच्या ऑनलाइन ट्रेनिंगचे 15,000. ट्रान्सपोर्टचे 3,000. "बॅटरी जोडली की गाडी पळणार, आणि आरटीओचं पण मी बघतो," असंही म्हणाला. मी सगळे पैसे आधी पाठवले.

त्या व्हिडिओबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण फसवणूक तिथेच होती. तो करडा डबा म्हणजे साधा व्हीएफडी, मोटरचा वेग कमी-जास्त करणारा, आपल्या कारखान्यात पंपाला किंवा कन्व्हेअरला लावतात तसला. व्हीएफडीवर कमी व्होल्टेजला, लोड न देता, अशी मोटर हळूहळू फिरवता येते. रोटर कुठल्या कोनात आहे हे सांगणारा रिझॉल्व्हर मेलेला असला तरी ती फिरते. वाइंडिंगचं इन्सुलेशन कमजोर असलं तरी फिरते. पण गाडीत सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी येतो आणि चढावर तीनेकशे अँपियर ओढले जातात. तिथे काय होईल, हे त्या फिरण्यावरून काहीच कळत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. लेथवर आयुष्य गेलं, पण मोटर फिरतेय म्हणजे चालू आहे, एवढीच समज होती.

ट्रेनिंग म्हणजे चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन कॉल. परदेशातल्या कुणाचा तरी व्हिडिओ स्क्रीनवर लावायचा आणि त्यावर बोलायचं. मी रिझॉल्व्हरच्या तारा कशा जोडायच्या ते विचारलं, तर "ते सेट आल्यावर सांगतो" म्हणाला. सेट आला आणि त्याचा फोन लागेनासा झाला.

पेटी उघडली तर कनेक्टरच नव्हते. सगळ्या तारा दोन-दोन इंचांवर कटरने तोडलेल्या. मोटरवरचा नंबर ग्राइंडरने घासून काढलेला. इन्व्हर्टरचा स्टिकर थिनरने पुसलेला, आणि नीट बघितल्यावर कळलं की त्याच्या केबलची तोंडं या मोटरला बसतच नाहीत. तो दुसऱ्याच गाडीचा होता.

शेजारच्या गल्लीत मोटर रिवाइंडिंग करणारे काका आहेत. त्यांच्याकडे मोटर नेली. त्यांनी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर काढला, एक टोक फेजला, दुसरं बॉडीला, आणि 500 व्होल्टवर दाबला. चांगल्या मोटरला शेकडो मेगाओम दाखवतो. इथे काटा 0.3 वर बसला. मग त्यांनी टर्मिनलचं झाकण उघडलं. आत कोपऱ्यात पिठासारखा बारीक तपकिरी थर होता. काकांनी बोटावर घेतला आणि चोळून बघितला.

"पोरा, ही पाण्यात बसल्याली मोटर हाय. महापुराचा गाळ कसा असतोय, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला पायजे व्हय?"

2019 आणि 2021 च्या पुरानंतर पाण्यातून काढलेल्या किती मोटरी या माणसाने भरल्या असतील, त्याला हिशेब नाही. ठोकलेली म्हणून मला विकलेली गाडी बुडालेली होती. बेअरिंग फिरवलं की आत वाळू असल्यासारखा आवाज येत होता. रिझॉल्व्हरच्या तारांच्या तीन जोड्यांपैकी एक पूर्ण ओपन, म्हणजे आतून तुटलेली.

मेगर, मल्टिमीटर आणि हातात धरायचं ड्रिल घेऊन गेलो असतो, तर हे सगळं गोदामातच अर्ध्या तासात कळलं असतं. मेगर लावताना इन्व्हर्टर आधी सोडवायचा, नाहीतर चांगला असलेलाही जळू शकतो. रिझॉल्व्हरच्या तारा मोजायच्या. गाडीगणिक आकडे वेगळे असतात, पण साइन आणि कोसाइनच्या दोन जोड्या एकमेकींच्या जवळपास हव्यात आणि कुठलीच बॉडीला लागलेली नको. मग तिन्ही फेज मोकळ्या ठेवून शाफ्ट हाताने फिरवायचा. मॅग्नेटची मोटर असेल तर तो हलके अडत अडत फिरतो. फेज मोकळ्या असूनही जड लागला, तर आत वाइंडिंग शॉर्ट असण्याची शंका धरायची. तिन्ही फेज एकत्र जोडल्यावर मात्र जड झालाच पाहिजे. शेवटी ड्रिलने एकसारखा फिरवून प्रत्येक दोन फेजमधलं एसी व्होल्टेज मोजायचं. तिन्ही आकडे सारखे हवेत. फिरवताना तारांना हात लावू नका, कारण अशी मोटर नुसती फिरवली तरी वीज तयार करते. आणि इन्व्हर्टर उघडणार असाल तर आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरलीय हे मीटरने बघितल्याशिवाय बोट आत घालू नका. पैसे गेले तर पुन्हा मिळवता येतात.

घासलेल्या नंबरचं प्रकरण मला सगळ्यात महागात पडलं असतं. इलेक्ट्रिक गाडीच्या आरसीवर इंजिन नंबरच्या जागी मोटर नंबर असतो. तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेलो, तर पहिला प्रश्न मलाच: ही मोटर कुठल्या गाडीची, बिल कुठे? बिल नव्हतं. चोरीची गाडी निघाली असती तर मी काय उत्तर देणार होतो? आता मी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राची किंवा विमा लिलावाची कागदपत्रं बघितल्याशिवाय मालाला हात लावत नाही.

आरटीओचं आश्वासन तर सरळ खोटं होतं. पेट्रोल-डिझेलची गाडी इलेक्ट्रिक करायची तर किटला एआयएस-123 या सरकारी मानकाप्रमाणे मंजुरी लागते. ती पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्था तपासून देतात, आणि मगच आरसीत बदल होतो. भंगारातून उचललेल्या एका मोटरला ती वाट नाही. शेतात, कारखान्याच्या आवारात शिकण्यासाठी चालवा, रस्त्यावर नाही.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी तीन आठवड्यांनी फोन केला. तोवर "आज माणूस पाठवतो, उद्या पाठवतो" या मेसेजांवर थांबून राहिलो. तोपर्यंत त्याच्या खात्यात काही उरलं नव्हतं. फसलोय अशी शंका आली त्याच दिवशी फोन करा, लाजू नका. मी बायकोलासुद्धा पंधरा दिवस सांगितलं नव्हतं.

मोटर अजून काकांच्या टेबलावर उघडी आहे. त्यांनी ती धुऊन, वाळवून, वार्निश पाजून बघितली. मेगर 40 मेगाओमपर्यंत चढला, पण रिझॉल्व्हर मिळत नाही. जीप शेडमध्येच आहे.

गेल्या आठवड्यात इचलकरंजीच्या एका मुलाने मला एक व्हिडिओ दाखवला. तो मुलगा ती मोटर घ्यायच्या बेतात होता. नंबर वेगळा, नाव वेगळं, पण टेबल तेच निळं, डावीकडचा कोपरा फुटलेला, मागे टायरची चळत, आणि सातव्या-आठव्या सेकंदाला बाहेरून कुकरची शिट्टी ऐकू येते. हा व्हिडिओ तुम्हाला आला, तर तो मला फसवणाराच माणूस आहे.